रिकामी जागा

"टेंभुर्णे मॅडम, एवढी मोठी जागा तुम्ही रिकामी कशी काय ठेवली?"

पाठराबे साहेबांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. दोन पावलांमागेच त्यांच्या बुटाखालून एक लावा भुर्रकन उडाला होता आणि ते एवढे दचकले होते की त्यांची टोपी पडली होती. ती अजून माझ्या हातात होती.

"रिकामी नाही सर. गवत आहे."

"तेच म्हणतोय मी. नुसतं गवतच आहे."

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. पूर्व विदर्भात, साग पिकवून विकणाऱ्या एका महामंडळात मी वनक्षेत्रपाल होते. आमचं जंगल विक्रीचं जंगल होतं. दरवर्षी एकेक तुकडा तोडायचा, लाकूड आगारात आणून लिलावाला लावायचं, तुटलेल्या जागी पुन्हा साग लावायचा. त्या तोडायच्या तुकड्याला आम्ही कूप म्हणायचो. माझ्या हाताखाली किती कूप साफ झाले याची मला कधी लाज वाटली नाही. नोकरीच ती होती आणि मी ती नीट करत होते. सागाला माझा अजिबात विरोध नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळ्यांनी मला तेच विचारलं.

हेटीटोला नावाच्या गावाला लागून आमचं सर्वांत जुनं सागवन होतं आणि त्याच्या पोटात हा गवताळ माळ. गावात त्याला रमना म्हणत. खालच्या अंगाला पावसात पाणी साचायचं, वरचं अंग मुरमाड. साग तिथं कधी उगवलाच नव्हता. पवन्या, कुसळी, तिखाडी असलं गवत मात्र छातीइतकं व्हायचं. सागाखाली उन्हाळ्यात नुसता वाळक्या पानांचा खच असतो, खायला तिथं काही नसतं. जंगलातली जनावरं चरायला, व्यायला, पिल्लं लपवायला यायची ती रमन्यात. हे समजायला फार हुशारी लागत नव्हती. सकाळी जाऊन गप्प उभं राहिलं की पुरे होतं.

"पावसाळ्यात इथं वृक्षारोपण घेऊ," साहेब म्हणाले. "मोठा कार्यक्रम. पाहुणे बोलावू."

"सर, मागच्या वर्षीच्या कुपात अर्धी रोपं मेली आहेत. कार्यक्रम तिथं घेऊ या ना. तिथं खरंच गरज आहे."

"तिथपर्यंत पाहुण्यांच्या गाड्या जात नाहीत. इथं रस्ता आहे." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "झाडं लावायला तुमचा विरोध आहे?"

"झाडं लावायला नाही सर. इथं लावायला आहे."

"वनखात्यातली बाई म्हणते झाडं लावू नका. हे मी वरती कोणत्या तोंडानं सांगू?"

साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं. जिथं जिथं बदली झाली तिथं त्यांनी बंगल्याच्या आवारात कडुनिंब लावला होता, आणि जुन्या गावाहून कोणी भेटलं की ते आधी त्या कडुनिंबाची चौकशी करायचे, मग माणसांची. झाड दिसलं की त्यांना समाधान वाटायचं. झाड दिसलं नाही की तिथं लावायचं बाकी राहिलंय, एवढंच त्यांना कळायचं.

"बरं, इथं आहे काय ते तरी सांगा," ते म्हणाले. "काही दुर्मिळ असेल तर ठेवू. तशी तरतूद आहे."

मी सांगितलं. लावे आहेत, तित्तर आहेत, चंडोल आहेत. चितळं येतात, रानगवे येतात.

"हे तर सगळीकडेच असतं."

"सगळीकडे असतं ते असल्याच जागांमुळे असतं ना सर."

त्यांनी माझ्या हातातून टोपी घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली. विषय संपला होता.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच वर्षी मी सागाचा एक अख्खा कूप तोडला होता. शेकडो झाडं. त्याला कोणी कारण विचारलं नव्हतं. सही झाली आणि करवती चालू झाल्या. आणि इथं एक जागा आहे तशी राहू द्या म्हटलं तर मी जणू गुन्हा करायला निघाले होते.

मग मी गावाकडे वळले. रमना गावाच्या रोजच्या वापरातला, गावाची गुरं तिथं चरतात, तर गाव माझ्या बाजूनं उभं राहील असं मी धरून चालले होते. हेटीटोल्याच्या सरपंच होत्या सगुणाबाई सयाम. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर न काढणाऱ्या. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मी त्यांना तासभर समजावलं. गवत, पाखरं, पाणी, जनावरं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हनजे गड्डे खोदाचं काम नाही निघनार?"

"सगुणाबाई, मी काय सांगतेय..."

"समजलं जी. गवत चांगलं आहे. पन उन्हाळ्यात आमच्या बायांले काम नाही. साहेब म्हनून राहिले का गड्डे खोदाचं काम देतो. तुमी म्हनता का नको." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमी काहून नको म्हनता?"

"आत्ताच तर सांगितलं!"

"ते झालं जी. पन खरं काहून?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या ऐकत होत्या, आणि जसजशी मी जास्त तळमळीनं बोलत गेले तसतसा त्यांचा चेहरा आणखी बंद होत गेला. शेवटी त्यांनी मला चहा दिला आणि खड्ड्यांच्या कामावर किती बाया घेणार ते विचारलं.

आमचे वनरक्षक मरस्कोल्हे मात्र माझ्या बाजूनं होते. ते सगळ्यांच्याच बाजूनं असत. साहेबांना हो जी, मला हो जी, सगुणाबाईंना हो जी. पण त्या आठवड्यात माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं. एका सकाळी ते ऑफिसात आले ते छाती काढूनच.

"मॅडम, तुमचं काम करून आलो."

"कोणतं काम?"

"साहेबाले सांगून आलो का रमन्यात वाघीन दिसली."

"दिसली?"

"नाही. पन दिसू शकते ना जी."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते, आणि एवढे खुशीत मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"टेंभुर्णे, वाघीण! आणि तुम्ही मला लावे सांगत बसलात!"

"सर, ते नक्की नाही. मरस्कोल्हेंना..."

"नाही नाही, वाघीण असेल तर मग बोलायलाच नको. उघड्यावर कशी राहील बिचारी? तिला आडोसा पाहिजे. साग लावू, मधेमधे बांबू टाकू. दाट करू जागा."

मी फोन ठेवला. मरस्कोल्हे अपेक्षेनं माझ्याकडे पाहत होते.

"झालं ना जी काम?"

"झालं," मी म्हटलं. "आता बांबूही लागणार आहे."

वृक्षारोपण ठरल्याप्रमाणे पार पडलं. रमन्याच्या वरच्या अंगाला मांडव पडला, गाड्या उभ्या करायला गवत कापून मैदान केलं, लाउडस्पीकर बांधले. गावातल्या बायांनी खोदलेले खड्डे खालपर्यंत रांगेनं गेले होते. आधीच्या पावसानं ते भरले होते आणि त्यांत बेडकांनी अंडी घातली होती. पाहुण्यांनी मांडवाजवळच्या खड्ड्यात रोप ठेवलं. ते रोप त्यांच्या हाती द्यायला मलाच उभं केलं होतं. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उपस्थितांचे आभार मानले. काय करणार? पाहुणे जाताना म्हणाले, "या ओसाड जागेचं तुम्ही लोकांनी सोनं केलंत." साहेबांनी नम्रपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढं दिवाळीपर्यंत मी रमन्याकडे फिरकले नाही. मनात नव्हतं. मरस्कोल्हे येऊन सांगायचे, रोपं जगत नाहीत. खालची पाण्यात कुजली. वरची शेंड्यापासून खुडलेली. जिथं मेलं तिथं नवं लावा असा साहेबांचा आदेश आला. नवं लावलं. तेही गेलं. मग साहेबांनी कळवलं की ते स्वतः पाहणीला येतील.

आणि मला वाटलं, हीच संधी आहे.

मी म्हटलं, "सर, पाहणी करायची तर पहाटे करू. दुपारी काही कळत नाही." ते तयार झाले. थंडी पडली होती. मफलर गुंडाळून, हातात काठी घेऊन ते जीपमधून उतरले आणि माझ्यामागून रमन्याच्या कडेला येऊन एका मोहाच्या झाडाखाली उभे राहिले. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं की बोलायचं नाही.

धुकं होतं. गवताच्या तुऱ्यांवर दव इतकं की सगळा माळ पांढुरका दिसत होता. हळूहळू उजाडलं. आधी टिटवी ओरडली. मग धुक्यात काहीतरी हललं आणि पाहता पाहता चितळांचा कळपच्या कळप उभा राहिला, पाडसं आयांच्या पोटाखाली घुसून लुचत होती. पलीकडे रानगव्यांचे काळे उंचवटे, त्यांत एक तांबूस वासरू, पाय लटपटत असलेलं. आमच्या अगदी समोरून तित्तराची मादी पिल्लांची रांग घेऊन गेली. कुठंतरी मोर ओरडला. एवढ्या जनावरांच्या चरण्याचा बारीक कुरकुर आवाज आम्हाला तिथं, मोहाखाली, ऐकू येत होता.

साहेबांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मी त्यांच्याकडे चोरून पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं. मला वाटलं, झालं. आता मला एक शब्दही बोलायची गरज नाही.

बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"टेंभुर्णे, म्हणजे आपली रोपं ही मंडळी खातात तर!"

"सर..."

"तरी मी म्हणत होतो. तारेचं कुंपण घालू. चारी बाजूंनी. एकही आत आलं नाही पाहिजे."

मी त्यांना तिथंच मोहाखाली सोडून जीपकडे चालायला लागले. वरिष्ठांना असं सोडून जायचं नसतं. मागून त्यांची हाक आली, मी थांबले नाही. जंगलात जनावरांपासून झाडं वाचवायला कुंपण! त्या दिवशी मी जीपच्या बॉनेटवर हात आपटला तो एवढ्या जोरात की आठवडाभर मला पेन धरता आलं नाही.

महिन्याभरात सिमेंटचे खांब आले. ट्रकनं रमन्याच्या कडेला टाकले. आणि त्याच दुपारी सगुणाबाई माझ्या ऑफिसात आल्या, मागे गावातल्या दहाबारा बाया.

"हे काय होऊन राहिलं मॅडम? खांब काहून टाकले?"

"कुंपण होणार आहे."

"मंग आमची गुरं कुठं जाईन?"

"ते साहेबांना विचारा," मी म्हटलं. मी अगदी थकून गेले होते. "उन्हाळ्यात मी तुमच्या ओट्यावर येऊन बसले होते. तेव्हा तुम्हाला खड्डे पाहिजे होते."

"तेव्हा कुंपन नव्हतं ना जी!" सगुणाबाईंना यात काही विसंगत आहे असं वाटलंच नाही. "गड्ड्यानं गाय नाही अडत. कुंपनानं अडते. आमी नाही होऊ देत कुंपन."

एखादा शहाणा माणूस असता तर त्यानं आनंदानं हात जोडले असते. मी टेबलावर कोपरं टेकून त्यांच्याकडे पाहत राहिले. एवढ्या महिन्यांत मी जे बोलले ते यांच्या कानावरून गेलं होतं आणि आता गाईसाठी ह्या दहाबारा जणी उन्हातून चालत आल्या होत्या. मग माझ्या मनात आलं की गाय तर गाय.

"मी गावाच्या बाजूनं बोलेन," मी म्हटलं. "पण माझी एक अट आहे. पाऊस सुरू झाला की दिवाळीपर्यंत रमन्यात गुरं नाहीत."

बाया एकदम कालवा करायला लागल्या. सगुणाबाईंनी हात वर केला.

"पावसात धान लागलेला असते. शेतात गुरं नेता येत नाही. मंग चाराचं कुठं? तुमच्या ऑफिसात?"

"पाखरं जमिनीवर अंडी घालतात, सगुणाबाई. गवताचं बी पडायचं असतं. बी पडलं नाही तर दोनचार वर्षांत तुमच्याच गुरांना काही उरणार नाही."

"पूर्न नाही जमत."

"मग निम्मा. खालचं पाण्याचं अंग सोडा. वरच्या अंगाला चारा."

"खालचं गवत गोड रायते."

"म्हणूनच मागतेय."

सगुणाबाई मागे वळून बायांशी गोंडीत काहीतरी बोलल्या. एक म्हातारी जोरजोरानं मान हलवत होती, तिला त्यांनी दटावलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "खालचं अंग दिवाळीपर्यंत बंद. पन मंग वनवा अडवाचा जाळपट्टा आमी काढू. त्याचं काम दुसऱ्या गावाले नाही द्याचं."

"नाही देणार."

साहेब गावात आले. ग्रामपंचायतीत सतरंजी टाकली होती. सगुणाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोजून तीन वाक्यं सांगितली. गावाची गुरं पिढ्यानपिढ्या तिथं चरतात. गाव कुंपण घालू देणार नाही. घातलं तर गाव जंगलातल्या एकाही कामाला येणार नाही. बसल्या. मी भाषणाची तयारी करून आले होते; माझ्यावर बोलायची वेळच आली नाही.

"गावाचा विरोध असेल तर प्रश्नच मिटला," साहेब लगेच म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा दुखावलेला नव्हता. "चराईची जागा म्हणून नोंद करून टाकू. टेंभुर्णे, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? गवत गवत करत बसलात, गाई आहेत म्हणून सांगायचं की!"

उरलेली रोपं त्यांनी अर्ध्या मेलेल्या त्या जुन्या कुपात हलवायला सांगितली. तिथं ती छान लागली. साहेबांनी ती दोनदा येऊन पाहिली, दोन्ही वेळा पायी चालत, गाडी पोचत नव्हती तरी.

रमना तेव्हा वाचला आणि अजून आहे. साग त्याच्याभोवती तुकड्यातुकड्यानं तोडला गेला, पुन्हा लावला गेला. मधे कोणा नव्या अधिकाऱ्यानं तिथं पुन्हा काहीतरी लावायचा घाट घातला होता म्हणे. गावानं त्याला उभं केलं नाही. खालचं अंग दिवाळीपर्यंत अजून बंद असतं, असं मरस्कोल्हे अधूनमधून फोनवर सांगतात. त्यांच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा हे मला माहीत आहे, पण हे खरं असावं.

माझी बदली गावातल्या त्या बैठकीनंतरच्या पावसाळ्यातच झाली. निघायच्या आधी मी एकदा रमन्यावर गेले. पाऊस उघडला होता. खालच्या अंगाला गवत माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, आत नुसती किलबिल. आणि वरच्या अंगाला सगुणाबाई, डोक्यावर टॉवेल टाकून, आपली एक गाय चारत उभ्या.

"चालल्या म्हने मॅडम?"

"हो."

त्यांनी गाईला जरा अलीकडे वळवलं. मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट इचारू? राग नका मानू."

"विचारा."

"तुमची गाय नाही, बैल नाही, गावात घर नाही. मंग या गवतातून तुमाले काय पाहिजे होतं?"

वर्षभर मी याच प्रश्नाची उत्तरं जुळवत होते. साहेबांसाठी वेगळं, गावासाठी वेगळं, पाहुण्यांसाठी वेगळं. त्यातलं एकही मला आठवेना.

"काही नको होतं," मी म्हटलं.

"काहीच?"

"काहीच नको होतं, सगुणाबाई. आहे तसं राहावं, एवढंच."

त्यांनी टॉवेल डोक्यावरून खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा तो बंद चेहरा पहिल्यांदाच उघडा दिसत होता आणि त्यावर चक्क वैताग होता.

"अवो, मंग हे पयलेच सांगाचं ना! तुमी तासभर काय काय सांगत होत्या, पाखरं म्हना, पानी म्हना. पूर्न गाव म्हने, एवढं सांगून राहिली म्हनजे नक्की जागा कोनाले तरी इकली हिनं. झाडं लागली तं इकनं जमनार नाही, म्हनून तं आमी गड्डे खोदले!"

गाय चरत चरत खालच्या अंगाकडे निघाली होती. सगुणाबाईंनी मला तसंच सोडलं आणि ओरडत तिच्यामागं धावल्या.

"ए, तिकडं नाही! इकडं हो, इकडं! दिवाळी व्हाची आहे अजून!"